मुख्य विषयांच्या गुणांवरून माध्यमिक शाळेची कामगिरी कशी मोजावी

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर आठवडाभरात फ्लेक्स उभे राहतात. शाळेचे नाव, संस्थाचालकांची छायाचित्रे, पहिल्या पाच विद्यार्थ्यांची टक्केवारी आणि सर्वांत ठळक अक्षरांत शाळेचा शेकडा निकाल, एवढा मजकूर त्यांवर असतो. पालक त्या आकड्यावरून शाळा निवडतात, संस्था त्यावरून मुख्याध्यापकांना शाबासकी देते किंवा धारेवर धरते आणि आढावा बैठकांतली चर्चाही त्याच आकड्यापाशी घुटमळते. तो आकडा खोटा नसतो. मात्र किती मुलांनी किमान पातळी ओलांडली, एवढेच तो सांगतो. शाळेतल्या मुलांना गणित कितपत येते, विज्ञानातले कारण स्वतःच्या शब्दांत मांडता येते का, इंग्रजीत चार ओळी न पाठ करता लिहिता येतात का, या प्रश्नांची उत्तरे विषयवार गुणांत असतात, आणि ते गुण बहुतेक शाळांत निकालाच्या दिवसानंतर कपाटात जातात.

ही माहिती बाहेर काढून तिचा उपयोग कसा करावा, हे मुख्याध्यापकांना, विषयशिक्षकांना आणि शाळेच्या कामात लक्ष घालणाऱ्या पालकांना टप्प्याटप्प्याने सांगण्यासाठी हा लेख आहे. संगणकावरचा साधा तक्ता येत असेल तर काम दोन दिवसांत उरकते. नसेल तर आखीव वही आणि गणकयंत्र यांवरही भागते.

आधी मोजपट्टी समजून घ्यावी

खान्देशातले तिन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळात येतात. दहावीला सहा विषय आणि प्रत्येकी १०० गुण, असे एकूण ६०० गुण असतात : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, आणि सामाजिक शास्त्रे. भाषांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत गुण. विज्ञानाचेही दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत २०. म्हणजे प्रत्येक विषयात पाचवा हिस्सा गुण शाळा स्वतः देते. ही एक गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे, म्हणून ती पक्की लक्षात ठेवावी.

त्यानंतर टक्केवारी काढताना मंडळ ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ धरते. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय घेऊन ५०० पैकी टक्के काढले जातात. एका काल्पनिक विद्यार्थ्याचे गुण घेऊ : मराठी ७८, हिंदी ७४, इंग्रजी ५२, गणित ३८, विज्ञान ६१, सामाजिक शास्त्रे ८०. सहा विषयांची बेरीज ३८३, म्हणजे ६३.८३ टक्के. गणित वगळले की बेरीज ३४५ आणि टक्केवारी ६९. त्याने इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘ब’ श्रेणी मिळवली असेल तर ५ वाढीव गुण मिळून तो ३५० वर, म्हणजे ७० टक्क्यांवर जातो. मुलाच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. चित्रकला, लोककला आणि खेळ यांची दखल घेतलीच पाहिजे. पण शाळेत गणित कसे शिकवले जाते, हे तपासायला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने या टक्केवारीतून नेमके गणितच गायब झालेले आहे. राज्यात २०२५ साली २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले, त्यामागेही हीच पद्धत आहे. तेव्हा शाळेची कामगिरी मोजताना विद्यार्थ्याची एकूण टक्केवारी बाजूला ठेवावी आणि विषय हाच एकक धरावा.

अंतर्गत गुणांचा जोर किती असतो, हे राज्याच्या निकालानेच दाखवून दिलेले आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून घेतले गेले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०२१ साली करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, नववीचा निकाल आणि शाळेतले मूल्यमापन यांवर गुण दिले गेले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षाचे आकडे कोणत्याही तुलनेत धरू नयेत.

कागद जमवणे

निकालानंतर शाळेच्या लॉगिनमध्ये मंडळाच्या संकेतस्थळावरून एकत्रित निकाल उतरवून घेता येतो. तो छापून न ठेवता तक्त्याच्या रूपात साठवावा. त्याच्या जोडीला शाळेने मंडळाला कळवलेल्या अंतर्गत आणि प्रात्यक्षिक गुणांच्या याद्या, पूर्वपरीक्षेचे निकालपत्रक, त्याच मुलांचे नववीचे वार्षिक निकालपत्रक, शक्य असल्यास आठवीचे गुण, दहावीचा हजेरीपट आणि जनरल रजिस्टर एवढे साहित्य लागते. पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या असतील तर त्या वर्षापुरता एक महत्त्वाचा टप्पा गाळावा लागेल. पुढच्या वर्षी त्या जूनअखेरपर्यंत जपून ठेवण्याची सूचना जानेवारीतच द्यावी.

प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ करावी. तिच्यात नाव, तुकडी, मुलगा की मुलगी, घरची बोली, माध्यम (पूर्ण मराठी, सेमी, उर्दू, गुजराती), हजेरीचे दिवस आणि सहा विषयांचे गुण असावेत. घरच्या बोलीचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागात भिली किंवा पावरी, यावल-रावेरकडे तडवी किंवा लेवा बोली, शहाद्याकडे गुजरी आणि सगळीकडे अहिराणी, असा आपला प्रदेश आहे. मराठीच्या पेपरात ज्या मुलाचे गुण जातात, त्याला मराठी येत नाही की ती त्याची घरची भाषाच नाही, हे वेगळे करता आले नाही तर पुढचा उपाय चुकतो.

छेद ठरवणे

शेकडा निकाल काढताना अंशाची काळजी सगळेच घेतात, छेदाची फारसे कोणी घेत नाही. मंडळाचा निकाल परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढला जातो. शाळेने स्वतःची कामगिरी मोजताना मात्र नववीत दाखल झालेल्या मुलांपासून सुरुवात करावी.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी चोपडा तालुक्यातली एक काल्पनिक शाळा धरू. तिथे दोन वर्षांपूर्वी नववीत ५२ मुले होती. दहावीला नियमित म्हणून ४४ बसली, ४१ उत्तीर्ण झाली आणि निकाल ९३.१८ टक्के लागला. मधली आठ मुले कुठे गेली, याचा शोध जनरल रजिस्टरात लागतो. दोघांनी दाखला काढून दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतला. ती दोघे छेदातून वजा करावीत. उरलेल्या सहांपैकी तिघांना नववीतच ‘तुला जमणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षेला बस, असे सुचवले गेले होते, दोघे दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले ते परतलेच नाहीत आणि एका मुलीची शाळा घरच्यांनी बंद केली. या सहाही जणांची जबाबदारी शाळेवरच होती. म्हणून छेद ५० धरावा. ५० पैकी ४१ म्हणजे ८२ टक्के.

सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल स्पष्ट लिहायला हवे. शाळा सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या, पुन्हा शिकू पाहणाऱ्या माणसासाठी ती सोय चांगलीच आहे. मात्र निकाल बिघडू नये म्हणून कच्च्या मुलाला त्या वाटेने बाहेर काढणे, ही कामगिरी वाढवणे नव्हे, मोजपट्टी कापणे आहे. नववीपासूनचा छेद धरला की ही युक्ती आपोआप निष्फळ ठरते, आणि त्या छेदाचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

आश्रमशाळांना इथे थोडी वेगळी दृष्टी लागते. आदिवासी विकास विभागाच्या शाळांत मुले वसतिगृहात राहतात, त्यामुळे स्थलांतराचा फटका कमी बसायला हवा. तरीही होळीच्या किंवा दिवाळीच्या सुटीनंतर मुले उशिरा परततात. तिथे पट आणि हजेरी हे दोन आकडे वेगवेगळे नोंदवावेत.

लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे करणे

एकत्रित गुणांतून शाळेने कळवलेले अंतर्गत गुण वजा केले, की लेखी परीक्षेतले गुण हाती येतात. सवलतीचे गुण मिळालेले असतील तर त्या विद्यार्थ्यापुढे खूण करून ठेवावी आणि ते गुणही वजा करावेत. ही वजाबाकी प्रत्येक विषयासाठी करावी, पण सुरुवात गणितापासून करावी, कारण बहुतेक शाळांत खरी गोम तिथेच सापडते.

आपल्या काल्पनिक शाळेत गणिताची सरासरी १०० पैकी ४७ आहे. हा आकडा कोणाला फारसा खुपणार नाही. अंतर्गत गुणांची सरासरी काढली तर ती २० पैकी १८.५ निघते, म्हणजे ९२.५ टक्के. उरले २८.५, तेही ८० पैकी; म्हणजे ३५.६ टक्के. एकाच विषयात, त्याच मुलांना, शाळेने ९२ टक्के आणि बाहेरच्या परीक्षकाने ३५ टक्के गुण दिलेले आहेत. दोन्ही मोजमापे एकाच गोष्टीची आहेत असे मानणे अवघड आहे. ज्या मुलाला अंतर्गत १८ मिळाले, त्याला ३५ गाठायला लेखीत १७ गुण पुरतात, आणि ८० पैकी १७ म्हणजे जेमतेम २१ टक्के.

यावर ‘सगळ्याच शाळा अंतर्गत गुण सढळ हाताने देतात, आम्ही का मागे राहावे’ असे उत्तर ठरलेले असते, आणि अकरावीच्या प्रवेशाची चढाओढ पाहता त्यात तथ्यही आहे. मुलांचे गुण कापा, असे इथे म्हणायचेच नाही. शाळेच्या स्वतःच्या वहीत लेखी आणि अंतर्गत असे दोन रकाने वेगळे ठेवा आणि कामगिरीचा विचार लेखीच्या रकान्यावरून करा, एवढेच सुचवायचे आहे. दोन्हींतली दरी एखाद्या विषयात ३० टक्क्यांहून मोठी असेल तर त्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात नेमके काय तपासले जाते, हे विचारावे. गृहपाठाच्या वह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जात असतील आणि बहुपर्यायी चाचणीची उत्तरे आधीच सांगितली जात असतील, तर ते २० गुण शिक्षकालाही काही कळवत नाहीत.

इथेच आणखी एक तुलना करून घ्यावी. पूर्वपरीक्षेतले लेखी गुण आणि मंडळाचे लेखी गुण शेजारी ठेवावेत. पूर्वपरीक्षेनंतर मुले अभ्यास करतात, त्यामुळे मंडळाचे गुण थोडे वाढलेले असणे स्वाभाविक आहे. पण पूर्वपरीक्षेत ८० पैकी १० ते १५ मिळवणारी मुले सरसकट ४० च्या घरात गेली असतील, आणि तीही एकाच केंद्रावर, एकाच विषयात, तर ते शिकवण्याचे यश मानण्याआधी मुख्याध्यापकांनी परीक्षा कशा वातावरणात झाली याची माहिती घ्यावी. कॉपीने फुगलेला आकडा अकरावीच्या पहिल्या चाचणीत उघडा पडतो आणि तोवर मुलाचे वर्ष हातचे गेलेले असते.

सरासरीवर न थांबता गट पाडणे

सरासरी हा सोयीचा आकडा आहे, पण वर्गातली विषमता त्यात बुडून जाते. म्हणून प्रत्येक विषयात लेखी गुणांचे पाच गट पाडावेत : ८० पैकी १६ पेक्षा कमी, १६ ते २७, २८ ते ४७, ४८ ते ६३ आणि ६४ किंवा अधिक. या सीमा मनाला येतील तशा निवडलेल्या नाहीत. ८० चे २०, ३५, ६० आणि ८० टक्के म्हणजे अनुक्रमे १६, २८, ४८ आणि ६४.

आपल्या शाळेत गणिताचे ४४ विद्यार्थी या गटांत ३, २२, १३, ४ आणि २ असे विभागले गेले आहेत. बाहेरून ९३.१८ टक्के निकाल दिसणाऱ्या या वर्गात केवळ लेखी गुण धरले तर २८ ची रेषा ओलांडणारी मुले १९ आहेत, म्हणजे ४३.१८ टक्के. शाळेचे खरे काम दुसऱ्या गटातल्या २२ मुलांशी आहे. ती नापास झाली नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती पहिल्या पाचांत नाहीत, म्हणून त्यांचा फोटो फ्लेक्सवर नाही. यांतली बरीच मुले पुढे आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जातात आणि तिथे गणितातच अडतात.

हेच गट मराठी, इंग्रजी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी करावेत. पाच विषय, पाच गट, असा एका पानाचा तक्ता तयार होतो. वर्षभराच्या आढाव्यासाठी एवढे एकच पान ठेवायचे झाले, तर मी हे पान ठेवीन. मुलगे आणि मुली, सेमी आणि पूर्ण मराठी, हजेरी ७५ टक्क्यांहून कमी आणि जास्त, असे या पानाचे उपभाग करता येतात. पण वर्गात मुले कमी असतील तर फार बारीक चिरफाड करू नये. २८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक. अशा लहान शाळांनी एका वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष काढण्याऐवजी तीन वर्षांची मुले एकत्र धरून गट पाडावेत.

त्याच मुलांच्या दोन विषयांची तुलना

‘आमच्याकडे येणारी मुलेच कच्ची आहेत’ हे वाक्य प्रत्येक आढावा बैठकीत ऐकू येते. त्याची शहानिशा करायला एक सोपी रीत आहे. प्रत्येक मुलाच्या लेखी गुणांची सर्व विषयांची स्वतःची सरासरी काढावी आणि एकेका विषयात ते मूल त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे, ते लिहावे. मूल तेच, घर तेच, हजेरीही तीच. बदलतो तो फक्त विषय. विज्ञानात बहुतेक मुले आपल्या सरासरीच्या जवळपास असतील आणि गणितात सगळीच १२ ते १५ गुणांनी खाली असतील, तर दोष मुलांच्या घरावर ढकलता येत नाही. भाषेचे पेपर तुलनेने सोपे जातात आणि गणितात गुण कमी पडतात हे सर्वत्र खरे असल्याने, शेजारच्या एकदोन शाळांनी हीच आकडेमोड केली आणि ती एकमेकांना दाखवली तर अर्थ अधिक नीट लागतो. यासाठी शाळासंकुलाच्या किंवा तालुका मुख्याध्यापक संघाच्या बैठकीचा उपयोग करावा.

हे करताना विषयशिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ज्या शाळेत गणिताचे पद दोन वर्षे रिक्त होते आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने दिवाळीनंतर वर्ग घेतले, तिथला आकडा शिक्षकाचा नसून रिक्त पदाचा असतो. तक्त्याच्या तळाशी ती नोंद आवर्जून करावी, कारण पाच वर्षांनी तो कागद वाचणाऱ्याला ती आठवणार नाही.

मूल कुठून आले आणि कुठवर पोहोचले

जळगाव शहरातल्या नामांकित शाळेत आठवीला येणारे मूल आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत येणारे मूल एकाच रेषेवर उभे नसते. म्हणून शेवटचे गुण पाहण्याइतकेच महत्त्व आरंभीच्या पातळीला आहे. त्यासाठी आठवी किंवा नववीच्या सुरुवातीला, जूनच्या अखेरीस, शाळेने स्वतःची पायाभूत चाचणी घ्यावी. तिच्यात सातवीपर्यंतचे गणित (पूर्णांक, अपूर्णांक, शेकडेवारी), मराठीचा एक न वाचलेला परिच्छेद आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत उत्तर, आणि इंग्रजीची पाच-सहा सोपी वाक्ये असावीत. आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला मुले बसत असतील तर तेही गुण उपयोगी पडतात. त्या परीक्षेतल्या शालेय क्षमता चाचणीचे ९० प्रश्न विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि गणित यांवरच असतात आणि पेपर बाहेरून येतो.

चाचणीच्या गुणांवरून वर्गाचे तीन सारखे भाग करावेत. दहावीनंतर प्रत्येक भागातली मुले लेखी गुणांच्या कोणत्या गटात पोहोचली, ते पाहावे. दोन्ही परीक्षा वेगळ्या असल्याने टक्क्यांतून टक्के वजा करून ‘इतकी वाढ झाली’ असे म्हणू नये. गट बदलला का, एवढेच पाहावे. खालच्या तिसऱ्या भागातली निम्मी मुले २८ ची रेषा ओलांडून गेली असतील, तर ७८ टक्के निकालाची ती शाळा शंभर टक्क्यांच्या अनेक शाळांपेक्षा सरस आहे, असे निःसंकोच म्हणावे.

प्रश्नवार तपासणी

इथपर्यंतच्या टप्प्यांनी कुठे दुखते ते कळते, का दुखते ते कळत नाही. त्यासाठी पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात. संपूर्ण वर्गाच्या उघडण्याची गरज नाही. दुसऱ्या गटातल्या दहा-बारा मुलांच्या पुरतात. प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करावी : बरोबर, अर्धवट, चूक, कोरा.

बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर घेतला तर साधारण असे चित्र दिसते. पहिल्या प्रश्नातले बहुपर्यायी आणि एका गुणाचे प्रश्न, आणि चौकटी भरण्याच्या कृती, एवढ्यावर ही मुले आपले गुण मिळवतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातली स्वतंत्र उदाहरणे अर्धवट सुटतात आणि शेवटचे चार आणि तीन गुणांचे प्रश्न कोरे राहतात. अर्धवट उदाहरणांकडे बारकाईने पाहावे. वर्गसमीकरण अवयव पद्धतीने सोडवताना मुलाला १२ आणि ४ ही जोडी बरोबर सापडलेली असते, मधले पद मोडायचे असते हेही त्याला ठाऊक असते. पण अधिक कुठे आणि उणे कुठे, इथे तो चुकतो, आणि शेवटी उत्तराची चिन्हे उलटी येतात. या मुलाला वर्गसमीकरण पुन्हा शिकवून उपयोग नाही, त्याचे पूर्णांकांचे नियम सातवीपासून कच्चे राहिलेले आहेत. भूमितीत प्रमेय तोंडपाठ असते आणि आकृती थोडी फिरवून दिली की समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू जुळत नाहीत. अंकगणिती श्रेढीच्या शाब्दिक उदाहरणात आणखी तिसराच प्रकार असतो : गणित येत असते, उदाहरणातले मराठी वाक्य उलगडत नाही.

मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, म्हणजे ८० पैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा यांतले काय पाठ करून लिहिले आहे आणि काय स्वतःचे आहे, हे दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की लगेच कळते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या लिखाणात क्रियापदांची रूपे आणि लिंग यांत घरची बोली डोकावते. तिथे लाल शाईने पान रंगवण्याऐवजी त्याच त्या चार-पाच चुका हेरून त्यांचा स्वतंत्र सराव घ्यावा. विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न वेगळा काढावा, कारण पाठांतर आणि आकलन यांतला फरक तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. सेमीच्या मुलांची उत्तरे तपासताना आशय बरोबर असून इंग्रजी वाक्यामुळे गुण गेले का, हे नोंदवावे. भूगोलात भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचे प्रश्न आणि नकाशा, एवढे पाहिले तरी बऱ्याच गोष्टी समजतात.

तुलना कोणाशी करावी

राज्याचा निकाल २०२४ साली ९५.८१ टक्के आणि २०२५ साली ९४.१० टक्के होता. एवढ्या वरच्या पातळीवर शाळाशाळांमधला फरक या आकड्याने दिसणे शक्यच नाही, म्हणून राज्याच्या किंवा विभागाच्या शेकडा निकालाशी तुलना करण्यात वेळ घालवू नये. आपल्यासारखाच पट, आपल्यासारखीच वस्ती आणि तेच माध्यम असलेल्या तालुक्यातल्या दोन-तीन शाळा निवडाव्यात. धडगावच्या शाळेने धुळे शहराशी बरोबरी करू नये, आणि धुळे शहरातल्या शाळेनेही धडगावच्या पुढे असल्याचा आनंद मानू नये.

राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वेक्षणांचा उपयोग मर्यादित, पण खरा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी या इयत्ता होत्या आणि नववीला भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे तपासली गेली. ते नमुना सर्वेक्षण असल्याने आपल्या शाळेचा निकाल त्यात सापडणार नाही. मात्र तिथले प्रश्न पुस्तकातल्या मजकुरावर नसून क्षमतांवर असतात. तसे दहा प्रश्न नववीच्या घटक चाचणीत घातले, तर आपली मुले अनोळखी प्रश्नापुढे काय करतात ते शाळेलाच पाहता येते.

बैठक, आणि पालकांपुढे काय मांडावे

शाळा जूनच्या मध्याला भरते. त्याआधीच्या आठवड्यात विषयशिक्षकांची बैठक घ्यावी आणि तिच्यात तीनच कागद ठेवावेत : नववीपासूनच्या छेदाचा हिशेब, पाच विषयांच्या गटांचे पान आणि प्रश्नवार तपासणीतून निघालेल्या प्रत्येक विषयाच्या तीन कच्च्या जागा. प्रत्येक विषयासाठी एकच उद्दिष्ट ठरवावे आणि तेही मोजता येईल असे. ‘गणिताचा निकाल सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘नव्या दहावीतल्या दुसऱ्या गटातल्या मुलांचे पूर्णांक आणि अपूर्णांक ऑगस्टअखेर पक्के करणे आणि त्याची चाचणी घेणे’ हे उद्दिष्ट आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हजेरी गळते हे खान्देशातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे, तेव्हा उजळणीचे जड काम त्या महिन्यांवर टाकू नये. ते गणपती-नवरात्राच्या आधी संपेल असे बसवावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी सप्टेंबरातच करावी आणि त्या मुलांच्या वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय दिवाळीपूर्वी लावून घ्यावी.

पालकसभेत कोणत्याही मुलाचे गुण जाहीर वाचू नयेत. फळ्यावर विषयवार गटांची संख्या लिहावी, शेजारी मागच्या वर्षीची लिहावी आणि दुसऱ्या गटात असलेल्या मुलांच्या पालकांना सभेनंतर एकेकट्याने बोलावून, उत्तरपत्रिका समोर ठेवून, चूक कुठे होते ते दाखवावे. पालकांनीही शाळेला तीन प्रश्न विचारावेत : नववीत किती मुले होती आणि दहावीला किती बसली, गणित आणि इंग्रजीची केवळ लेखी गुणांची सरासरी किती, आणि गणिताचा शिक्षक वर्षभर होता का. या तिन्हींची उत्तरे मुख्याध्यापकांच्या टेबलावर तयार असली पाहिजेत; नसतील तर पुढच्या सभेची तारीख त्याच वेळी मागून घ्यावी.